एक चष्मा

आमच्या घरात चष्मा एकच होता. दिवसा तो लावून बायको कारखान्यातून आणलेल्या शर्टांना हाताने काजं करायची. संध्याकाळी तोच घेऊन मी प्रौढांच्या वर्गाला जायचो.

"आता तू काजं कशी करशील गं?"

"अहो, माझी बोटं बघतात. तुम्ही शिका, नाहीतर साठीतही गोण्याच वाहाल."

परीक्षेआधीच ती गेली. मी पास झालो आणि त्याच कारखान्यात तपासनीस लागलो. वाकडं काज दिसलं की शर्ट बाद करायचा, नाहीतर नोकरी जाणार.

आज तपासायचा राहिलेला एक जुना गठ्ठा सोडला. तिच्याच हातचा होता. दिवसाची काजं सरळ, संध्याकाळची वाकडी.

"काका, बाद किती?" साहेबांनी विचारलं.


मी चष्मा काढला, काजांवरून बोटं फिरवली आणि म्हणालो, "एकही नाही."