लोकर वर आली की

तारेचा ब्रशही वाया गेला. दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा कांबळ्याचा धागाच उपटून आला. विणकराने ब्रश भिंतीवर भिरकावला. त्याआधी घोड्याचा खरारा झाला होता, केसांची फणी झाली होती, बुटांचा ब्रशसुद्धा झाला होता. एकाने लोकर ढिम्म हलेना, दुसऱ्याने कापडाच्या चिंध्या व्हायची पाळी. जन्मभर माग चालवला, पण विणलेल्या कापडाची लोकर उठवून ते मऊ करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

कांबळं त्याच्या मुलीने विणलेलं. ते मागावरून उतरलं आणि आठवड्याच्या आत ती तापाने गेली. एकुलती एक पोर. कांबळं तसंच खरखरीत राहिलं, आणि नेमकं तेच तिच्या आईला अंगावर हवं असायचं. बाईची नजर कधीच गेली होती. आता सहा महिने अंथरुणाला खिळली होती. हनुवटीखाली लाल चट्टे उठलेले, आणि बोटं सारखी कांबळ्याच्या एका कोपऱ्यावर घासत असायची. खाज सुटत असणार बिचारीला, दुसरं काय!

"अगं, बोचतंय ना?"

"बोचू दे. तुम्ही नका मध्ये पडू."

पण ऐकेल तो विणकर कसला? पोरीसाठी त्याच्या हातून काही झालं नव्हतं. डॉक्टर बोलावला तोही उशिरा. बैल गेला आणि झोपा केला. निदान बायकोने तरी मऊ कांबळ्यात डोळे मिटावेत, एवढंच मागणं उरलं होतं त्याचं. वर त्या कांबळ्याची एक आठवण त्याला खात होती. एका कोपऱ्यात दोन धागे एकत्र गेले होते, वळ उठला होता. तेवढ्यावरून त्याने पोरीला फैलावर घेतलं होतं. ती आपली हसत म्हणाली होती, "बाबा, लोकर वर आली की कोणाला कळतंय?"

शेवटी कोणीतरी काटेकाकांचं नाव सांगितलं. बंद पडलेल्या कारखान्यात म्हातारा पूर्वी हाताने लोकर उठवायचा. त्याच्या माळ्यावर लाकडी चौकटी होत्या, त्यांत वाळकी काटेरी बोंडं बसवलेली. विणकराने त्यातली नवीकोरी उचलली.

"फाडायचंय का कापड?" काका खेकसले. "अरे शहाण्या, आधी झिजलेली घे. ज्यांचे काटे मेलेत ना, ती! कापड ओलं कर, एकाच दिशेने हात मार. आणि घाई केलीस तर याद राख."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा डोळा लागला तसं त्याने कांबळं हळूच ओढून घेतलं आणि अंगणात बसला. झिजलेलं बोंड फिरू लागलं. पहिल्यांदा काहीच होईना. मग धाग्यांतून बारीक लव उठली, दाटली, एकीकडे झुकली. आतून बायकोची हाक आली, "अहो, कांबळं कुठे नेलंत?"

"ऊन देतोय गं!" तो ओरडला. तिने आणखी चारदा विचारलं, त्याने चारदा तेच सांगितलं. दुपारपर्यंत कांबळं असं झालं की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. तो कोपऱ्यातला वळ त्याने बोटाने चाचपून पाहिला, सापडला नाही. पोरगी खरंच बोलली होती. वर्षभरात पहिल्यांदा त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो ढसाढसा रडला.

संध्याकाळी सुकलेलं कांबळं त्याने बायकोच्या अंगावर घातलं आणि शेजारी बसून राहिला. तिने वरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग तिचा हात त्या कोपऱ्याकडे गेला. बोटं थांबली, परत फिरली, पुन्हा थांबली. तिने दुसरा कोपरा ओढला. मग तिसरा. मग चौथा.

"छान मऊ आहे हो," ती म्हणाली. "हे राहू दे. माझ्या पोरीचं आणा आता."