खऱ्यासारखं

बाजारात कलिंगड वाजवून घ्यावं तसं सासूबाईंनी उलथण्याच्या दांड्याने चोंगरानच्या पायातलं प्लॅस्टर वाजवून पाहिलं.

"पोकळच वाजतंय," त्या म्हणाल्या.

सोफ्यावर पडून नाशपाती खाणारी नणंद ग्यूरी खुदकन हसली. परवाच टीव्हीच्या बातम्यांत दाखवलं होतं, की छुसक हा पितरांना जेवू घालायचा सण तोंडावर आला की सुना खोटी प्लॅस्टरं विकत आणतात, पायात चढवतात आणि पितरांच्या स्वयंपाकातून सुटतात. कोरियातल्या देगू शहरातल्या बहुतेक सासवांनी ती बातमी पाहिली असणार. या सासूबाईंनी ती दोनदा पाहिली होती.

चोंगरानच्या उजव्या पायाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. अंगठ्याचं वाकडं हाड कापून सरळ केलं होतं आणि जुळेपर्यंत हलू नये म्हणून त्यात पोलादी तार घातली होती. सहा आठवडे पावलावर भार द्यायचा नाही, पाय उशीवर उंच ठेवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तार सरकली तर हाड पुन्हा कापावं लागणार होतं. हे सगळं तिने सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की कापून घ्यायला वर्षातला हाच महिना बरा सापडला.

आता त्यांनी मुलाला विचारलं, "तोक्सू, कापताना तू डोळ्यांनी पाहिलंस?"

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर तोक्सूचीच सही होती. तो टीव्हीवर सणाच्या कुस्त्या बघत होता. "आत कुठे सोडतात, आई. मी बाहेर बसलो होतो."

खरंच बोलला. भेकड माणसाला खोटं बोलावं लागत नाही. खऱ्यातलं सोयीचं तेवढं उचललं की त्याचं भागतं.

"हातांना तर काही झालेलं नाही ना," असं म्हणून सासूबाईंनी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, विजेचा तवा ठेवला, पिठाची परात चोंगरानपुढे सरकवली. मासा, कोवळा भोपळा, खिम्याच्या टिकल्या. एकेक काप पिठात घोळवायचा, अंड्यात बुडवायचा, तव्यावर सोडायचा, उलटायचा. तीन परड्या भरेपर्यंत.

वास्तविक हे काम ग्यूरीच्या वाट्याचं होतं. पण सकाळी चेस्टनट सोलताना तिच्या बोटाला सुरी लागली. सासूबाईंनी तिच्या हातातून सुरी हिसकावून घेतली आणि तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. अंगातून रक्त आलेल्या माणसाने पितरांच्या अन्नाला हात लावायचा नाही. विटाळ होतो, सगळं ताट वाया जातं, पितर उपाशी परत जातात. त्या घरात दुसरा कुठलाही कायदा इतका कडक पाळला जात नव्हता. तेव्हापासून ग्यूरी बोटाला चिकटपट्टी लावून जखमी म्हणून सोफ्यावर पडली होती आणि सोललेली नाशपाती तिला हातात मिळत होती.

चोंगरानच्या पायाखालची उशी तासाभरात तोक्सूच्या डोक्याखाली गेली. त्याची मान अवघडली होती.

दुपारी हाताशी घेतलेली अंडी संपली. तिने तोक्सूला फ्रिजमधली आणून दे म्हटलं. एवढी लढत संपू दे, म्हणाला. ती संपली, दुसरी सुरू झाली. मग चोंगरान कुबड्या घेऊन स्वतःच उठली. तेलाने माखलेल्या वर्तमानपत्रावर एक कुबडी सटकली आणि कापलेलं पाऊल अख्ख्या अंगाचा भार घेऊन जमिनीवर आपटलं. आत काहीतरी सरकलं. ती ओरडली नाही. भिंतीला धरून खाली बसली. तव्यावरचे काप करपत आले होते, ते तिने उलटले. मग बसूनच सरकत जाऊन अंडी आणली.

संध्याकाळी तिन्ही परड्या भरल्या. सासूबाईंनी त्यांवर पांढरा कागद झाकला आणि त्या समाधानाने म्हणाल्या, की बघ, जमलं की नाही. आता उद्या सकाळी पितरांपुढे वाकायलाही जमेल.

"वहिनी, काढा की आता ते," ग्यूरी म्हणाली. "घरचीच माणसं आहेत. आत घाम येत असेल."

"काढते," चोंगरान म्हणाली.

तिने पट्ट्या सोडल्या. अर्ध्या प्लॅस्टरची खोळ बाजूला ठेवली. शेवटची पट्टी कातड्याला चिकटली होती, ती ओढून काढली. पाऊल वांग्यासारखं जांभळं होऊन टरारलं होतं. काळ्या टाक्यांची रांग. अंगठ्याच्या टोकातून पेरभर तार बाहेर आलेली, तीही वाकडी. तारेच्या मुळाशी रक्त होतं. वर्तमानपत्रावर एक थेंब पडला, मग दुसरा.

ग्यूरीचा काटा नाशपातीत तसाच रुतून राहिला. तोक्सू दिवसात पहिल्यांदा उठून बसला.

"दुपारपासून वाहतंय, आई," चोंगरान म्हणाली. "दोन परड्या त्यानंतरच्या आहेत. तुमच्या पितरांचं काय करायचं ते आता तुम्ही सांगा."

सासूबाईंनी पायाकडे पाहिलं. परड्यांकडे पाहिलं. मग ग्यूरीच्या बोटावरच्या चिकटपट्टीकडे. उद्या सकाळी सातला त्यांचे सगळे दीर जमणार होते आणि बाजार तर दुपारीच बंद झाला होता.

त्या गुडघे मोडून खाली बसल्या. पट्टी उचलली, आपल्या हाताने चोंगरानच्या पायाला गुंडाळली, घट्ट ओढून गाठ मारली. डागाळलेल्या कागदाची घडी करून ती कचऱ्यात टाकली.

"खोटंच आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली रक्तासकट मिळतं."