माणशी एक थाळी

कार्तिकातल्या एका रविवारी भर दुपारी, पुण्याहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत, कसबा पेठेतले निवृत्त शिक्षक श्रीधरपंत यांनी पँट्रीतून आलेली थाळी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

“अहो, हे वरण वाढलंत की तीर्थ? आणि हा भात माणसांसाठी आहे की चिमण्यांसाठी?” त्यांनी पँट्रीवाल्याला धारेवर धरले. “आमच्या घरात आजवर कोणी अर्धपोटी उठलेलं नाही. हवं तर हिला विचारा!” आणि साक्षीसाठी त्यांनी शेजारी बसलेल्या पत्नीकडे, उल्काताईंकडे, वळून पाहिले.

उल्काताईंची थाळी केव्हाच रिकामी झाली होती.



“भांडू नका हो. सगळ्यांचं झाल्यावर घरी माझ्या वाट्याला एवढंही उरत नाही. आज माझं पोट भरलं.”