खालच्या बिऱ्हाडातला धूर

खालच्या बिऱ्हाडातला सिगारेटचा धूर थेट तिच्या बाळाच्या खोलीत यायचा. शेवटी बाळाला कडेवर घेऊन ती खाली गेली. निवृत्त मास्तरांनी दार उघडलं.

"आजोबा, धुरानं हा सारखा खोकतो हो. भाड्याचं घर आमचं, खिडक्या तरी किती बंद ठेवू?"

मास्तर ओशाळले. "चुकलं माझं, पोरी. आता नाही येणार धूर."

आणि खरंच, धूर थांबला.

पुढे एकदा मास्तरांची बायको जिन्यात भेटली. "आजी, या वयात आजोबांनी सवय सोडली. आमच्यासाठी केवढं केलं त्यांनी."

आजींनी बाळाचा गाल कुरवाळला.

"त्यांनी जन्मात सिगारेट ओढली नाही गं. माझ्यापायी त्यांना तुझी माफी मागताना आतून ऐकलं, आणि मीच सोडली."