जिन्याखालचं वाचन

"या म्हाताऱ्यानं एक जरी चूक सुधारली असेल तर शपथ," मोठ्या बाई दारातच पुटपुटल्या.

शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत दुसरीतली मुकी मोठ्यानं वाचत होती. मुकी हे वर्गानं ठेवलेलं नाव. वर्गात वाचायला उभं केलं की तिच्या तोंडून अक्षर फुटत नसे. इथे मात्र गाडी सुसाट. मध्येच तिनं एक अख्खी ओळ गिळली, 'डोंगर'चा 'डोगर' केला. समोरचे आजोबा मान डोलावत राहिले. ती थांबली की म्हणायचे, "हं, पुढे?"

आजोबा तिथे वाचायला बसणाऱ्या पाच मुलांपैकी कुणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांचे. चाळीस वर्षं छापखान्यात यंत्रावर काढलेली. आता वाचनात मागे पडलेल्या मुलांपुढे रोज तासभर येऊन बसायचे, चहाचीही अपेक्षा न ठेवता.

"चार वेळा बजावलं, चुका दाखवत जा म्हणून," मोठ्या बाई सोबत आलेल्या वर्गशिक्षिकेला म्हणाल्या. "हसतात, मान डोलावतात, की पुन्हा तेच. हेकटपणाची हद्द आहे!"

"पण मॅडम, मुलं वाचायला लागलीत."

"चुकीचं!"

"आधी तोंड तरी कुठे उघडत होती?"

मोठ्या बाई तरातरा आत गेल्या आणि आजोबांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. "उद्यापासून हा तास बंद. माझ्या खोलीत बसायचं. शब्द चुकला की तिथल्या तिथे थांबवीन."

पाचही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बघा! उत्तर द्यायचीही तसदी नाही. तुम्ही शिका नाहीतर बोंबला, यांना काही देणंघेणं नाही."

मुकी ताडकन उभी राहिली. "आहे!"

मोठ्या बाई चपापल्या. या मुलीला स्वतःहून बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मी थांबले की त्यांना लगेच कळतं," मुकी म्हणाली.

"मग चुकलीस की का कळत नाही?"

शेजारी बसलेल्या मुलीनं तिचा फ्रॉक ओढला. "ए, गप ना. सांगू नको." वर्गशिक्षिका एकाएकी खिडकीबाहेर बघू लागल्या.

मुकीनं फ्रॉक सोडवून घेतला आणि मोठ्या बाईंच्या डोळ्यांत डोळे घातले.

"आजोबांना ऐकूच येत नाही. म्हणून तर आम्ही वाचतो."