आधी काळी तार

कॅम्पर व्हॅनची बॅटरी थंडीत मान टाकायची, म्हणून आजोबांनी जास्त ताकदीची नवी आणली होती. "जुनी मीच काढणार," नात म्हणाली. आजोबा नव्या बॅटरीचं खोकं फोडून वळले आणि जागीच थिजले. बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडणारी काळी तार तशीच लावलेली होती, नातीने पाना लाल तारेच्या नटावर चढवला होता. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्यापासून बोटभर दूर होतं. टेकलं तर ठिणगी उडणार, आणि तिचा चेहरा त्यावरच वाकलेला. ओरडावं तर ती दचकेल, हात हलेल. "बाळा, पाना सरळ वर उचल," ते गोष्ट सांगावी तसे म्हणाले. तिने उचलला. "लाल आधी, असं तुम्हीच शिकवलंत." "ते बसवताना गं. काढताना काळी आधी. हे सांगायचं माझंच राहिलं." आजोबा नव्या बॅटरीवर मटकन बसले. "आजोबा, रागावला नाहीत?" "रागवायचंय. आधी पाणी आण."