लांडग्यांची वाट

खासनीसांच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. आम्ही निवृत्त मंडळी ऑनलाइन खेळतो त्या जंगलाच्या खेळाचा सर्व्हर मी चालवतो; झोपड्या, पत्रं, लांडगे सगळं त्या खेळातलंच. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या झोपडीपर्यंत अर्धा तास चालायचं, वर लांडगे फाडून खातात. क्षणात पोचवणारं बटण द्या की राव!"

नाही म्हणायची भीड पडली, म्हणून गुपचूप बटण दिलं.

पूर्वी ते रक्तबंबाळ पोचायचे, मला शिव्या घालत शेकोटीशी तासभर बसायचे. आता उगवतात, "झकास सोय!" म्हणतात आणि गायब होतात. लांडगे उपाशी, मी एकटा.

आज बटण काढलं. उत्तर लिहिलं, "चुकत असेन, पण लांडगे राहतील. मुक्कामालाच या." ते द्यायला चालत निघालो. दोनदा लांडग्यांनी खाल्लं, दोनदा खेळ पुन्हा माझ्या झोपडीपासून सुरू झाला. तिसऱ्या खेपेला त्यांच्या दारातल्या पेटीत पत्र टाकलं.